ते वाक्य परत ठेवा

टीव्हीला केबल मीच जोडली. स्पीकरही मीच लावला. मग त्याच टीव्हीवर त्याने माझं शिफारसपत्र उघडलं आणि पाहुण्यांना म्हणाला, "जेवणाआधी थोडी करमणूक."

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतला व्हिला. नॅशनल डेची सुट्टी. दिवाणखान्यात तीन मराठी कुटुंबं. मध्ये काचेचं टेबल, त्यावर सरबताचे पेले, चकल्या, झेंड्याच्या रंगांचा केक आणि केक कापायची सुरी. मी टीव्हीजवळ उभा होतो. हातात उरलेली वायर होती. बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

यजमान माझा बॉस. अमेरिकेतून कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करून आलेला. ऑफिसात सगळे त्याला सर म्हणत. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. इथे मी त्याला डॉक्टर म्हणेन. ती पदवी त्याने कमावली आहे, ती मी काढून घेत नाही.

पत्र इंग्रजीत होतं. तो आधी माझ्या उच्चारात वाचायचा, मग मराठीत अर्थ सांगायचा.

"'माझ्या संपूर्ण कारकिर्दीत मला भेटलेल्या सर्वांत चिकाटीच्या इंजिनिअरांपैकी हा एक आहे.' ऐका. माझ्या कारकिर्दीत. मलाच माहीत नव्हतं."

सगळे हसले.

"तू लिहिलंयस ना पण?" केदारने विचारलं. केदार त्याचा जुना मित्र, पुण्यापासूनचा, इथे एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर.

"मी कुठला. त्यानेच लिहिलंय. स्वतःबद्दल."

"म्हणजे नवरदेवही हाच आणि भटजीही हाच."

या वेळी बायकाही हसल्या. मीही हसलो. ते हसू मला आजही आठवतं. मारापेक्षा ते जास्त दुखतं.

ते पत्र माझ्या हातचं होतं, हे खरं आहे. शिफारसपत्र देणाऱ्याने लिहायचं असतं. आपल्याकडे तसं होत नाही. आपल्याकडे सर म्हणतात, तू ड्राफ्ट करून पाठव, मी बघून सबमिट करतो. मागणाऱ्याने मोठ्या माणसाच्या आवाजात स्वतःची स्तुती लिहायची. जास्त लिहिली तर निर्लज्ज. कमी लिहिली तर प्रवेश नाही. डॉक्टरने मला तेच सांगितलं होतं. "मला वेळ नाही रे. तू लिही. कंजुषी करू नकोस." मी कंजुषी केली नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पीएचडीच्या एका जागेसाठी जगभरातून माणसं रांग लावतात. चीनमधून, इराणमधून, आपल्या मोठ्या संस्थांमधून. परभणीच्या कॉलेजचं नाव तिथे कुणाला माहीत नसतं. तिथल्या मार्कांना काय वजन द्यायचं हे त्यांना कळत नाही. म्हणून पत्रं. मला तीन हवी होती. एक परभणीच्या माने मॅडमचं. एक दिल्लीच्या एका प्राध्यापकांचं, त्यांनी माझा पेपर वाचला होता. तिसरं डॉक्टरचं. सर्वांत जड तेच होतं, कारण त्याची पीएचडी तिकडची होती. अर्जांची मुदत महिन्याच्या मध्याला संपत होती आणि त्याचं पत्र अजून गेलेलं नव्हतं. "सुट्टीच्या दिवशी घरी ये, टीव्ही लावून दे, जेव, आणि ते सबमिटही करून टाकू," असं तो म्हणाला. म्हणून मी तिथे होतो. पाहुणा म्हणून नाही.

"आडनाव काय म्हणालास?" केदारने मला विचारलं.

मी सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं.

"अच्छा." तो सोफ्यावर मागे रेलला. "तिकडे कोटा नसतो बरं का. सांगितलंय ना कुणी?"

कुणी हसलं नाही. एकीने आपल्या मुलाच्या ताटलीत चकली ठेवली. डॉक्टरने स्क्रीन खाली सरकवली आणि पुढचं वाक्य वाचलं. ते त्याने माझ्या उच्चारात वाचलं नाही. बहुधा विसरला.

"'कुठल्याही प्रयोगशाळेपर्यंत जे आवाज पोहोचत नाहीत, ते याने मजुरांच्या खोल्यांत बसून गोळा केले, आणि ज्या यंत्राने त्यांना ऐकायचं नाकारलं होतं त्याला ऐकायला शिकवलं.'"

केदारने पेला खाली ठेवला.

त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमची कंपनी कामगारांसाठी तक्रारीची फोनलाइन चालवते. फोन यंत्र उचलतं. कामगार बोलतो ती भाषा धड हिंदी नसते, धड उर्दू नसते, तिच्यात अरबी असतं, भोजपुरी असतं, धाप असते. यंत्राला ती कळायची नाही. ते म्हणायचं, "कृपया पुन्हा बोला." आणि थोड्या वेळाने फोन कापायचं. बिहारच्या एका सेंटरिंगवाल्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं होतं. "साँस नहीं आ रहा है." यंत्र म्हणालं, पुन्हा बोला. तो पुन्हा बोलला. यंत्राने फोन कापला. उन्हात कोसळलेला तो माणूस वाचला, पण गावी परत गेला तेव्हा कामाचा राहिला नव्हता. त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी मुसफ्फाच्या कामगार वसाहतींत जाऊन बसू लागलो. रेकॉर्डर घेऊन, माणसांची परवानगी घेऊन, त्यांच्या खाटेच्या कडेला. कंपनीने सांगितलं नव्हतं. ते काम करताना मला कळलं की मला हेच पुढे शिकायचं आहे. पेपर झाला तेव्हा पहिलं नाव डॉक्टरचं लागलं. तेव्हा मी काही बोललो नाही.

"हे वाक्य मात्र जबरदस्त आहे," केदार म्हणाला. "हे याच्यावर कशाला वाया घालवतोस? ईराच्या पत्रात टाक. तिचं मी लिहितोय ते फारच कोरडं झालंय."

ईरा डॉक्टरची मुलगी. इथेच वाढलेली, इथल्या महागड्या विद्यापीठातून त्या वर्षी पदवी घेणारी. अर्ज तिचेही होते. त्याच विभागांना.

"खरंच की," डॉक्टर म्हणाला.

त्याने लॅपटॉपवर ते वाक्य माउसने निवडलं. टीव्हीवर ते निळं झालं. मग नाहीसं झालं. कॉपी नाही. कट. माझ्या पत्रातली वरची ओळ खालच्या ओळीला येऊन चिकटली. त्याने केदारने पाठवलेली ईराच्या पत्राची फाइल उघडली आणि ते वाक्य तिथे उमटवलं. फक्त इंग्रजीतल्या 'he'चं 'she' केलं. सगळ्यांनी पाहिलं. मुलांनीसुद्धा.

ईराने फोनमधून मान वर केली. "बट आय डिडंट डू दॅट, बाबा."

"ऑफिसात इंटर्नशिप केलीस ना? त्याच टीममध्ये होतीस. तेच ते."

"ओके, व्हॉटेव्हर," ती म्हणाली.

माझ्या नावावर जे वाक्य विनोद होतं ते तिच्या नावावर जाताच खरं झालं. एवढंच झालं. त्याला जेमतेम एक घोट सरबत प्यायचा वेळ लागला असेल.

मी म्हणालो, "ते वाक्य परत ठेवा."

"काय?"

"ते माझं आहे. परत ठेवा."

"अरे, तू दुसरं लिही. लेखक आहेस तू." त्याने पाहुण्यांकडे पाहिलं. "चला, यल्ला, जेवायला बसू."

मी वायर खाली टाकली आणि लॅपटॉपकडे हात नेला.

त्याने मला थोबाडीत मारली. उजव्या हाताने, अंगठीच्या हाताने. माझा खालचा ओठ दातावर फाटला. तोंडात रक्त आलं. ते मी गिळलं नाही. त्याच्या गालिच्यावर थुंकलो.

त्याने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी तो मनगटात धरला. पिरगाळला आणि टेबलावर दाबला. तो गुडघ्यावर आला. पेले फुटले. काच त्याच्या तळव्यात गेली आणि माझ्याही. वहिनी, त्याची बायको, "सोड, सोड त्याला" म्हणत होती. मी सोडलं नाही. मला त्याच्या मनगटातलं हाड बोटांना लागत होतं आणि ते मोडावं असं मला वाटत होतं. केकची सुरी दिसली. ती मी उचलली नाही. याचं श्रेय मी घेत नाही. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती.

केदारने मागून मानगूट धरलं. आणखी एकाने पोटात गुडघा मारला. मी वाकलो तेव्हा केदार कानाशी म्हणाला, "दाखवली ना शेवटी जात." तो ओरडला नाही. बँकेत खातेदाराशी बोलतो तसा बोलला.

त्यांनी मला फाटकाबाहेर ढकललं. माझे बूट मागून आले. एक भिंतीवर आदळला, एक रस्त्यावर. डॉक्टर हाताला टॉवेल गुंडाळून फाटकात उभा राहिला.

"उद्या व्हिसा कॅन्सल. खलास. आणि पत्र तर मी पाठवणारच. आता खरं पत्र लिहितो. तू काय आहेस ते सगळं लिहितो. तुला दिसणारही नाही."

ते खरं होतं. अर्जाच्या पोर्टलवर प्रत्येक शिफारसदाराच्या नावाखाली एक प्रश्न असतो: हे पत्र वाचण्याचा हक्क तुम्ही सोडता का? सगळे सांगतात, हो म्हण. अर्जदाराने न पाहिलेल्या पत्रावर तिकडचे लोक जास्त विश्वास ठेवतात. मीही हो म्हटलं होतं. स्वतःच लिहिलेलं पत्र वाचण्याचा हक्क मी सोडला होता. आता त्या दाराआड तो काहीही लिहू शकत होता, आणि ज्या दारांवर मी थाप मारत होतो त्या प्रत्येकापर्यंत ते पोहोचणार होतं.

रस्त्यावर बसून मी बूट घातले. समोरच्या व्हिलावर झेंड्याच्या दिव्यांची माळ होती. एक गाडी आली, हळू झाली, निघून गेली.

क्लिनिकमध्ये मल्याळी सिस्टर होती. कापूस दाबत तिने विचारलं, "गिर गया?"

हो म्हणणं सोपं होतं. मारामारी म्हटलं की पोलिसांत कळवावं लागतं. मी परदेशात, माझ्या व्हिसावर त्याच्या कंपनीचं नाव, मीही त्याचा हात पिरगाळलेला. माझ्या आधी किती जण या खुर्चीत बसून जिन्यावरून पडले असतील.

मला माझे वडील दिसले. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मी लहान असताना डेपोतल्या एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर त्यांच्या कानशिलात मारली. कारण त्यांनी ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय गाडी सोडायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या अधिकाऱ्याच्या घरी गेले आणि त्याच्या पाया पडले. बदली टळली. माझी शाळा टिकली. येताना मी विचारलं, गालाला काय झालं? ते म्हणाले, पडलो. त्यानंतर ते घरातसुद्धा खाली बघून बोलायचे. त्या पैशावर मी शिकलो. मी त्यांना दोष देत नाही. पण ते वाकणं माझ्या शिक्षणात भरलेलं आहे, आणि त्याची फेड पुन्हा वाकून होणार नाही.

"नाही," मी सिस्टरला म्हणालो. "मारा है. नाम लिखो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी ओठाला टाका घातला. तिथूनच पोलीस ठाण्यात गेलो. अधिकाऱ्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तुम्ही काय केलंत, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. हात धरला, पिरगाळला, टेबलावर दाबला, पेले फुटले. हेही लिहा म्हटलं. साक्षीदार कोण, असं त्याने विचारलं. मी दिवाणखान्यातल्या सगळ्यांची नावं दिली. त्यातलं कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. अजून कुणी आलेलं नाही.

सकाळी वहिनीचा फोन आला.

"हे बघ, ते मोठे आहेत. मोठ्या माणसाने एक मारली म्हणून काय झालं? घरातलाच समजून मारली. तू येऊन सॉरी म्हण. कंप्लेंट मागे घे. ते पत्र देतील, मी शब्द देते."

"आणि ते वाक्य?"

"कुठलं वाक्य?" तिने खरंच विचारलं. तिला आठवत नव्हतं.

मुसफ्फाच्या खोलीत माझा रूम पार्टनर सलीम, हैदराबादचा, चहा गाळत ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सॉरी बोल के लेटर ले लो मियाँ. लेटर चला गया तो फिर जितनी गाली देनी है दे लेना. अभी केस करे तो इधरीच अटक जाते तुम. अमेरिका क्या, परभणी बी नै जा सकते."

तो बरोबर बोलत होता. त्याने सांगितलेला मार्ग चालणारा होता. मी चहा घेऊन त्यावर विचार केला. माफी मागायची, पत्र जाऊ द्यायचं, पाच-सहा वर्षं तिकडे शिकायचं, नावामागे डॉक्टर लावायचं. मग एक दिवस कुणीतरी पोरगा माझ्याकडे पत्र मागायला येईल. मी म्हणेन, तू ड्राफ्ट कर.

तिथे माझा विचार थांबला.

मी पोर्टल उघडलं. एकेका विद्यापीठाच्या अर्जातून डॉक्टरचं नाव काढलं. पत्र अजून पोहोचलेलं नसेल तर नाव काढता येतं. प्रत्येक वेळी स्क्रीनने विचारलं, नक्की? प्रत्येक वेळी मी हो म्हटलं. शेवटी सगळ्या अर्जांवर लाल अक्षरांत आलं: अपूर्ण. तिसरं पत्र नाही. दोन वर्षं ज्यासाठी घासली ती गोष्ट मी स्वतःच्या हाताने अपूर्ण केली होती. टाका दुखत होता आणि डोकं साफ होतं.

हाशिम माझा टीम लीड. सुदानचा. पीएचडी नाही, अमेरिका पाहिलेली नाही. कामगार वसाहतीत माझ्याबरोबर अनेकदा आलेला. त्याला फोन करून सगळं सांगितलं. पत्र देशील का, असं विचारलं. देतो म्हणाला. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "ड्राफ्ट पाठवू?"



"का?" तो म्हणाला. "मला लिहिता येत नाही असं वाटतं तुला?"

"तसं नाही. आमच्याकडे पद्धत आहे."

"घाण पद्धत आहे, हबीबी. मी जे पाहिलं ते लिहीन. चांगलं पाहिलं ते लिहीन. तुझा इंग्रजी ईमेल भयंकर असतो, तेही लिहीन."

"तू त्याच्या हाताखाली आहेस. तुला त्रास होईल."

"होईल," तो म्हणाला, आणि ईमेल पत्ता सांगितला.

त्याचं पत्र वजनाने हलकं भरेल, हे मला ठाऊक आहे. निवड समितीत त्याचं नाव कुणी ओळखणार नाही. ईराच्या फाइलवर एक बँकेतला मोठा माणूस आणि एक तिकडचा पीएचडी बाप आहे. माझ्या फाइलवर परभणी आणि सुदान आहे. स्पर्धा अशीच असते असं म्हणतात. नाही. ती अशी केली जाते. एका बैठकीत, चकल्या खात, माउसच्या दोन टिचक्यांनी केली जाते, आणि मग तिला गुणवत्ता म्हणतात.

ते वाक्य मी अर्जासोबतच्या माझ्या निवेदनात परत ठेवलं. जसंच्या तसं. खाली लिहिलं: कोणत्या वसाहतीत, कुणाच्या खाटेशेजारी, कोणता आवाज आधी, यंत्र काय म्हणालं, मी काय बदललं. तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये सापडलं तर दोघांनाही बोलवा आणि त्या खोलीत किती माणसं झोपतात ते विचारा, हेही लिहिलं. सलीम म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

हाशिमच्या नावाखाली तोच प्रश्न आला. हे पत्र वाचण्याचा हक्क तुम्ही सोडता का? मी नाही निवडलं. हाशिमला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, वाच की, मी लपवून कुणाबद्दल काही लिहीत नाही.

अर्ज गेले. निकाल यायचे आहेत. व्हिसा रद्द झाला, केस उभी आहे, डॉक्टरच्या वकिलाचा समझोत्यासाठी दोनदा फोन आला. मी दोन्ही वेळा एकच अट सांगितली: ज्यांच्यासमोर मारलं त्यांच्यासमोर कबूल करायचं, आणि वाक्य कुणाचं ते लेखी द्यायचं. वकील हसला. मी फोन ठेवला.

प्रवेश मिळाला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन. इथून हाकललं तर परभणीहून करेन. माझ्याबद्दलचं एक अक्षरही यापुढे दुसऱ्याच्या नावाने लिहिणार नाही. कुणाकडून लिहून घेणार नाही.

टाका निघाला. ओठावर वण राहिला आहे. मुलाखत कॅमेऱ्यावर असते, त्यात तो स्पष्ट दिसेल. कुणी विचारलं, काय झालं, तर पडलो म्हणणार नाही. मारलं म्हणेन. कुणी, कुठे, कोणत्या वाक्यासाठी, आणि मी काय केलं, ते सगळं सांगेन. नावासकट.